घरच्या संगणकावरील ॲडमिनिस्ट्रेटर परवानगीच्या अडचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील घरगुती संगणकधारक, छोटे दुकानदार आणि विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे विंडोज १० आणि विंडोज ११ यांना लागू आहेत. बहुतेकांचा संगणक इंग्रजीतच चालत असल्यामुळे बटणांची आणि मेनूंची नावे पडद्यावर दिसतात तशीच, फक्त देवनागरीत दिली आहेत. कोणताही उपाय करण्यापूर्वी पडद्यावरचा संदेश शब्दशः वाचावा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. ‘परवानगी नाही’ असे सांगणाऱ्या यंत्रणा संगणकात अनेक आहेत आणि नकार नेमका कोणी दिला हे कळल्याशिवाय केलेला उपाय बहुधा नवी अडचण निर्माण करतो.

१. कॉम्प्युटर माझा एकट्याचा आहे, खातेही ॲडमिनिस्ट्रेटरचे आहे, तरी विंडोज दरवेळी परवानगी का विचारते?

ॲडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे संगणकात हवे ते बदल करण्याचा अधिकार असलेल्या, खात्यातून उघडलेला प्रत्येक प्रोग्राम आपोआप ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालत नाही. विंडोज एक्सपीपर्यंत तसे होत असे आणि त्यामुळे ईमेलमधून आलेला एखादा व्हायरसही पूर्ण अधिकाराने संगणकभर फिरत असे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर यूजर अकाउंट कंट्रोल, म्हणजे यूएसी, ही व्यवस्था आली. तेव्हापासून ॲडमिनिस्ट्रेटरने लॉगिन केले की विंडोज त्याला दोन ओळखपत्रे देते, एक साधे आणि एक पूर्ण अधिकाराचे. रोजची कामे साध्या ओळखपत्रावर चालतात आणि पूर्ण अधिकाराचे ओळखपत्र तुम्ही ‘येस’ म्हटल्यावर त्या एका प्रोग्रामपुरते वापरले जाते. फ्लॅट स्कीमच्या सचिवाजवळ गच्चीवरच्या टाकीची किल्ली असली, तरी गच्चीचे दार दिवसभर उघडे ठेवत नाहीत, तसेच हे आहे. म्हणून ही विचारणा हा बिघाड नाही. मात्र तुम्ही काहीही सुरू केलेले नसताना ती आली, तर ‘नो’ दाबून शोध घ्यावा.

२. माझे खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे आहे की साधे, हे कसे ओळखायचे?

कंट्रोल पॅनेलमधील ‘यूजर अकाउंट्स’ उघडावे. तुमच्या नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हा शब्द असेल तर खाते त्या प्रकारचे आहे. याहून जलद खूण विचारणीच्या चौकटीतच असते. तीत फक्त ‘येस’ आणि ‘नो’ असेल तर तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर आहात. दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने पासवर्ड किंवा पिन मागितला जात असेल तर तुमचे खाते साधे आहे.

३. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केव्हा वापरावे?

ज्या कामाचा परिणाम संपूर्ण संगणकावर होतो त्या कामासाठीच ते वापरावे. प्रिंटरचे किंवा डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्राम) बसवणे, विंडोजच्या सेवा सुरू-बंद करणे, डिस्क तपासणे ही अशी कामे आहेत. नव्या प्रोग्रामचे इन्स्टॉलर बहुतेक वेळा स्वतःहूनच परवानगी मागतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. जुन्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून हा पर्याय निवडता येतो; स्टार्ट मेनूत नाव शोधून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबले तरी तेच होते. ब्राउझर, ईमेल आणि डाउनलोड केलेल्या फाइली दाखवणारे प्रोग्राम मात्र या पद्धतीने कधीही उघडू नयेत, कारण बाहेरचा मजकूर संगणकात शिरतो तो याच वाटांनी.

४. कृतिदेवचा फॉन्ट टाकला, एका प्रोग्राममध्ये दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही. परवानगीचा प्रश्न आहे का?

बहुधा आहे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून साध्या खात्यालाही फॉन्ट बसवता येतो, पण तो त्या एका खात्यापुरताच बसतो. जुने डीटीपी आणि टायपिंगचे काही प्रोग्राम फक्त विंडोजच्या सामाईक फॉन्ट फोल्डरमध्येच पाहतात आणि त्यांना असा फॉन्ट सापडत नाही. तो काढून टाकावा, फॉन्टच्या फाइलवर राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडावे, परवानगी द्यावी आणि तो प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा. टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या घरी एकाच संगणकावर दोन-तीन खाती असतात, त्यांनी सुरुवातीपासूनच हा पर्याय वापरावा.

५. रोजचा त्रास नको म्हणून यूएसी बंदच करून टाकले तर चालेल का?

माझे स्पष्ट मत आहे की करू नये. यूएसीच्या सेटिंगमध्ये चार पायऱ्यांची पट्टी असते आणि ती विंडोज ७ पासून आहे. सर्वांत खालच्या पायरीवर गेल्यास ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातील प्रोग्रामना न विचारता अधिकार मिळतो. साध्या खात्यात मात्र उलटे होते. तिथे विचारणाच येत नसल्याने पासवर्ड टाकण्याची संधीही मिळत नाही आणि अधिकार लागणारे प्रत्येक काम परस्पर नाकारले जाते. ‘वडिलांच्या खात्यात काहीच इन्स्टॉल होत नाही आणि काही विचारतही नाही’ या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा हेच असते. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने ती आवृत्ती वापरणाऱ्यांनी ही पट्टी खाली नेण्याचा विचारही करू नये.

एकाच विश्वासू प्रोग्रामचा त्रास असेल तर टास्क शेड्यूलरमध्ये त्याच्यासाठी एक टास्क तयार करावा, त्यात ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ वर खूण करावी आणि त्या टास्कचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवावा. तेवढ्या प्रोग्रामची विचारणा थांबते, बाकीची व्यवस्था जशीच्या तशी राहते.

६. मुलाच्या खात्यात गेम अपडेट होताना दरवेळी पासवर्ड मागतो. त्यालाही ॲडमिनिस्ट्रेटर करावे का?

करू नये. गेम ‘प्रोग्राम फाइल्स’ मध्ये बसवलेला असतो आणि साध्या खात्याला तिथे लिहिण्याचा अधिकार नसतो, एवढाच हा प्रश्न आहे. गेम काढून डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये बसवावा. तरीही अडचण राहिली तर त्या एका फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’ मधील ‘सिक्युरिटी’ टॅबवर जाऊन मुलाच्या खात्याला ‘मॉडिफाय’ हा अधिकार द्यावा. फसवणूक रोखणारी यंत्रणा सोबत बसवणारे काही ऑनलाइन गेम मात्र मोठ्या अपडेटच्या वेळी पासवर्ड मागणारच. तेव्हा पालकांनी स्वतः येऊन तो टाकावा आणि मुलाला सांगू नये.

७. जुना लॅपटॉप विकत घेतला, किंवा दुरुस्तीहून परत आणला. त्यात भलत्याच नावाचे ॲडमिनिस्ट्रेटर खाते आहे आणि पासवर्ड माहीत नाही. काय करावे?

आधी विकणाऱ्याला किंवा दुरुस्ती करणाऱ्याला पासवर्ड विचारावा आणि तो त्याच्यासमोरच टाकून पाहावा. सीताबर्डीतून लॅपटॉप घेताना असो की ओळखीच्या माणसाकडून, ही तपासणी पैसे देण्यापूर्वीची आहे. पासवर्ड मिळालाच नाही तर तो मोडण्याच्या युक्त्या शोधण्यापेक्षा स्वतःच्या फाइली बाहेर काढून विंडोज नव्याने बसवणे चांगले, कारण अनोळखी माणसाच्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याबरोबर त्याने आणखी काय बसवले आहे हे तुम्हाला कळू शकत नाही. विंडोज १० व ११ चा डिजिटल परवाना यंत्राच्या मदरबोर्डशी जोडलेला असतो. पूर्वीची प्रत अधिकृत असेल आणि तीच एडिशन पुन्हा बसवली, तर इंटरनेट मिळाल्यावर ती आपोआप सक्रिय होते.

८. चुकून माझे एकमेव खातेच साधे केले. आता विचारणीत ‘येस’ चे बटणच दाबता येत नाही. बाहेर कसे पडायचे?

संगणकावर चालू स्थितीतले एकही ॲडमिनिस्ट्रेटर खाते उरले नाही की असे होते. विंडोजमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ याच नावाचे एक अंगभूत खाते असते, पण व्हिस्टापासून ते मुळातच बंद ठेवलेले असते. दुसरे एकही ॲडमिनिस्ट्रेटर खाते शिल्लक नसेल, तर आणीबाणीचा उपाय म्हणून सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू करून, या बंद खात्यातूनही आत जाता येते.

त्यासाठी लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ निवडावे. पुढे ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या क्रमाने जाऊन पुन्हा रीस्टार्ट करावे आणि यादी आली की ४ दाबावे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली, असेल तर वाटेत ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते; मायक्रोसॉफ्ट खाते वापरत असाल तर ती बहुधा त्या खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरून पाहता येते. सेफ मोडमध्ये अंगभूत खाते दिसल्यास त्याचा पासवर्ड सहसा रिकामा असतो. आत गेल्यावर कंट्रोल पॅनेलमधून आपल्या खात्याचा प्रकार बदलावा आणि संगणक नेहमीप्रमाणे सुरू करावा. खाते दिसलेच नाही तर स्वतःच्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढाव्यात, कारण साध्या खात्यालाही आपल्या फाइली वाचता येतात, आणि विंडोज नव्याने बसवावी.

९. जुना कॉम्प्युटर बंद पडला, त्याची हार्ड डिस्क नव्याला जोडली, पण माझेच फोल्डर ‘परवानगी नाही’ म्हणते. फोटो गेले का?

फोटो गेलेले नाहीत. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फोल्डरसोबत त्याच्या मालकाची नोंद असते आणि ती नोंद तुमच्या नावाची नसून एका लांबलचक क्रमांकाची असते. जुन्या विंडोजने तुमच्या खात्याला दिलेला क्रमांक वेगळा होता आणि नव्या विंडोजने दिलेला वेगळा आहे. दोन्हीकडे खात्याचे नाव तेच ठेवले तरी डिस्कच्या दृष्टीने तुम्ही परके आहात.

फोल्डर उघडताना विंडोज ‘कंटिन्यू’ असे बटण देते. ते दाबल्यावर तुमच्या नव्या खात्याला त्या फोल्डरचा अधिकार कायमचा मिळतो; फाइली हजारोंनी असतील तर बराच वेळ लागतो आणि मध्येच बंद करू नये. त्याने काम झाले नाही तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’ येथे जाऊन ‘ओनर’ समोरील ‘चेंज’ दाबावे, आपले खाते निवडावे आणि आतील फोल्डरांनाही तेच लागू करण्याच्या चौकोनावर खूण करावी. ही कृती फक्त जुन्या डिस्कवरील आपल्या नावाच्या फोल्डरवर करावी. चालू विंडोजच्या संपूर्ण सी ड्राइव्हवर केली तर विंडोजच मोडकळीस येते, आणि ‘एव्हरीवन’ ला ‘फुल कंट्रोल’ द्या असे सांगणारे व्हिडिओ नेमके तेच करायला लावतात.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. डिस्क बिटलॉकरने (संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या विंडोजच्या सोयीने) बंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हवीच. तसेच जुन्या विंडोजच्या प्रो एडिशनमध्ये फाइली ईएफएस पद्धतीने (सुट्या फाइली एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) एन्क्रिप्ट केलेल्या असतील, तर मालकी बदलूनही त्या उघडत नाहीत. त्यासाठी जुन्या खात्याचे प्रमाणपत्र लागते.

१०. फोल्डर डिलीट करताना ‘तुम्हाला परवानगी लागेल’ असे येते आणि पुढे माझेच नाव असते! हा काय प्रकार आहे?

संदेश हास्यास्पद वाटला तरी त्याचा अर्थ सरळ आहे: फोल्डरचे मालक तुम्ही आहात, पण अधिकारांच्या यादीत तुम्हाला डिलीट करण्याचा अधिकार दिलेला नाही. मालकाला ती यादी बदलण्याचा हक्क असतो. ‘सिक्युरिटी’ टॅबवर आपल्या नावापुढे ‘डिनाय’ खाली खूण आहे का ते आधी पाहावे, कारण थेट दिलेला ‘डिनाय’ हा ‘अलाउ’ वर मात करतो. वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेला ‘डिनाय’ मात्र त्या फोल्डरवर थेट दिलेल्या ‘अलाउ’ पुढे हरतो. यादी वाचताना बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये जाऊन वारसा पुन्हा सुरू केला तर बऱ्याचदा सगळे सुरळीत होते. संदेशात परवानगीऐवजी फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी असल्याचा उल्लेख असेल, तर तो प्रोग्राम बंद करणे पुरेसे आहे.

११. आणि ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ ची परवानगी मागितली तर?

थांबावे. ती विंडोजची स्वतःची फाइल आहे आणि ॲडमिनिस्ट्रेटरनेही तिला हात लावू नये म्हणूनच तिची मालकी या सेवेकडे दिलेली आहे. जागा कमी पडत असेल तर ‘डिस्क क्लीनअप’ वापरावे.

१२. दुकानाच्या जुन्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये माझ्या खात्यातून एक आकडे दिसतात आणि मुलाच्या खात्यातून दुसरेच. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केले तर तिसरेच! डेटा खराब झाला का?

डेटा खराब झालेला नाही, तो तीन ठिकाणी विभागला गेला आहे. इतवारीतील दुकानांपासून घरगुती शिकवणीवर्गांपर्यंत जिथे जिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे हिशेबाचे प्रोग्राम अजून चालतात, तिथून हा प्रश्न येतो. सगळ्या प्रश्नांत सर्वांत जास्त नुकसान करणारा हाच आहे, म्हणून तो सविस्तर समजून घ्यावा.

असे ३२-बिट प्रोग्राम एक्सपीच्या काळातल्या समजुतीने आपली डेटा फाइल ‘प्रोग्राम फाइल्स’ मधील स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात. नव्या विंडोजमध्ये तिथे लिहिण्यास मनाई आहे. पण सरळ नकार दिला तर प्रोग्राम बंद पडेल, म्हणून विंडोज त्याला कळू न देता ती फाइल वापरणाऱ्याच्या वैयक्तिक ‘ॲपडेटा’ फोल्डरमधील ‘लोकल’ मध्ये, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये लिहिते. प्रोग्रामला वाटते की फाइल मूळ जागीच आहे. वडिलांच्या नोंदी वडिलांच्या खात्यात साठतात, मुलाच्या मुलाच्या खात्यात. कोणी एके दिवशी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केले की हा आडमार्ग बंद होतो आणि प्रोग्राम खऱ्या मूळ फाइलमध्ये लिहू लागतो, जी कदाचित प्रोग्राम बसवल्या दिवसापासून रिकामीच असते.

पहिले काम म्हणजे नव्या नोंदी करणे ताबडतोब थांबवावे. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मधून लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय सुरू करून प्रत्येक खात्यातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ आणि मूळ फोल्डर यांची वेगवेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि प्रतींना खात्याचे नाव व तारीख द्यावी. त्यानंतर फाइलींची शेवटच्या बदलाची तारीख व आकार पाहून सर्वांत पूर्ण प्रत कोणती ते ठरवावे. दोन प्रतींमधील नोंदी आपोआप एकत्र होत नाहीत. कमी नोंदी असलेल्या प्रतीतील व्यवहार हाताने भरावे लागतात, आणि जीएसटीचे विवरण भरलेले असेल तर ते ज्या आकड्यांवर भरले त्याच्याशी ताळाही करून पाहावा लागतो. शेवटी प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’ च्या बाहेर, डी ड्राइव्हवरील स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवून निवडलेली प्रत तिथे ठेवावी. त्या जागी साध्या खात्यांना बहुधा मुळातच लिहिता येते, त्यामुळे सर्वांना एकच डेटा दिसतो आणि ॲडमिनिस्ट्रेटरची गरजही उरत नाही.

१३. मुलगा पुण्याहून रिमोटने आमचा कॉम्प्युटर पाहतो, पण परवानगीची चौकट आली की त्याला पडदा काळा दिसतो. का?

ती चौकट उघडताना बाकीचा पडदा मंद होतो हे तुम्ही पाहिले असेल. विंडोज तेव्हा चौकट एका वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपवर नेते, म्हणजे दुसरा कोणताही प्रोग्राम तुमच्या वतीने ‘येस’ दाबू शकत नाही. फक्त डाउनलोड करून उघडलेल्या रिमोट प्रोग्रामलाही ती दिसत नाही. नागपूरच्या घरी बसलेल्या व्यक्तीने फोनवर प्रोग्रामचे आणि प्रकाशकाचे नाव मोठ्याने वाचून दाखवावे आणि खात्री झाल्यावर स्वतः ‘येस’ दाबावे, हा सर्वांत साधा मार्ग आहे. तोच रिमोट प्रोग्राम रीतसर इन्स्टॉल केला तर त्याला पुढे ती चौकट दिसू शकते. चौकटीत ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ असेल तर निळी पट्टी असते आणि प्रकाशक अनोळखी असेल तर पिवळी. वीजबिल थकले, बँक खाते बंद होणार असे सांगून फोन करणारा कोणी ‘येस दाबा’ म्हणत असेल, तर पट्टीचा रंग न पाहता फोन ठेवून द्यावा.

१४. ॲडमिनिस्ट्रेटर असूनही, यूएसीची चौकट न येताच नकार मिळतो. कारण काय असू शकते?

अशा वेळी नकार बहुधा दुसऱ्याच व्यवस्थेचा असतो. ‘डॉक्युमेंट्स’ मध्ये एखादाच प्रोग्राम फाइल सेव्ह करू शकत नसेल तर विंडोज सिक्युरिटीमधील ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ तपासावे आणि त्या प्रोग्रामला सूट द्यावी. ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ हा निळा पडदा स्मार्टस्क्रीनचा आहे. तो तुमच्या अधिकाराविषयी नसून अनोळखी फाइलविषयी बोलतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे काहीच बसत नसेल तर लॅपटॉप बहुधा एस मोडमध्ये, म्हणजे फक्त स्टोअरचे प्रोग्राम चालू देणाऱ्या विंडोजवर, आहे. त्यातून विनामूल्य बाहेर पडता येते, पण परत जाता येत नाही. पेन ड्राइव्ह ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणत असेल तर बाजूची कळ पाहावी. कळ नसेल तर ड्राइव्ह मरणपंथाला लागला असण्याची शक्यता मोठी आहे. अपडेटच्या वेळी ८००७०००५ या अंकांनी संपणारी त्रुटी आली तर तिचा अर्थ ‘ॲक्सेस डिनाइड’ असा आहे. आधी बाहेरून बसवलेला अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करून पाहावे.

१५. मिहानमधील कंपनीने दिलेला लॅपटॉप घरी वापरतो. त्यावर प्रिंटर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटर कसे व्हावे?

होऊ नये. सेटिंग्जमध्ये यंत्र संस्थेमार्फत व्यवस्थापित असल्याची ओळ असेल तर अधिकार कंपनीच्या आयटी विभागाकडे असतात, आणि प्रश्न ८ मधील मार्ग तिथे वापरणे नोकरीच्या अटींचा भंग ठरू शकतो. विभागाला तिकीट पाठवावे. घाईत असल्यास फाइल पीडीएफ करून, कंपनीचे नियम परवानगी देत असतील तरच, घरच्या संगणकावरून छापावी.

१६. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या प्रोग्राममध्ये नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाही आणि फाइल ओढून टाकताही येत नाही. अधिकार जास्त असून कमी कसे?

प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या दोन ओळखपत्रांचा हा परिणाम आहे. ड्राइव्ह साध्या ओळखपत्राने जोडलेला असतो, तर प्रोग्राम दुसऱ्या ओळखपत्राने चालत असतो, आणि एकाची जोडणी दुसऱ्याला दिसत नाही. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी नेटवर्कवरचा पूर्ण पत्ता टाकावा. फाइल ओढून टाकणे अडते, कारण कमी अधिकाराच्या खिडकीला जास्त अधिकाराच्या खिडकीत काही पाठवण्याची मुभा नाही. तिथे प्रोग्रामच्या ‘फाइल’ मेनूतील ‘ओपन’ वापरावे.

१७. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू आहे. उबुंटूतून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिताच येत नाही. रूटचा, म्हणजे उबुंटूतील सर्वोच्च खात्याचा, अधिकार वापरला तरी नाही.

हा अधिकाराचा प्रश्न नाही. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते. अशा ड्राइव्हवर बाहेरून लिहिले तर फाइलींची रचना बिघडू शकते, म्हणून उबुंटू तो फक्त वाचण्यापुरता जोडते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून एकदा पूर्ण शटडाउन करावे. त्यानंतरही लिहिता आले नाही तर विंडोजमध्ये परत जाऊन त्या ड्राइव्हवर त्रुटींची तपासणी चालवावी. अचानक लाइट गेल्यामुळे यंत्र अर्ध्यावर बंद पडले असेल तर ड्राइव्हवर तशी खूण राहिलेली असते.